काट्याचं वजन पडद्यावर आणताना: विंडोज फॉर्म्समध्ये थ्रेड्सनी एकमेकांशी कसं बोलावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. नागपूरजवळच्या वाडीच्या एका धरमकाट्यासाठी तुम्ही सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स (खिडक्या-बटणं बनवायचं मायक्रोसॉफ्टचं टूलकिट) वापरून प्रोग्राम लिहिलाय. काट्याचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर वजन येतं, ते मोठ्या अक्षरांत दिसतं, काट्यावरचे काका बटण दाबतात, नोंद डेटाबेसमध्ये जाते आणि पावती छापली जाते. सुरुवातीला लेबलमध्ये वजन टाकतानाच ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असं एक्सेप्शन (प्रोग्राम अडवणारी चूक) आलं. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही ही तपासणीच बंद करणारी एक ओळ टाकली आणि एक्सेप्शन गेलं. आता खिडकी बंद करताना प्रोग्राम अधूनमधून गोठतो. गाड्यांची रांग लागली की बटणं उशिरा दबतात. ते सुधारायला डूइव्हेंट्स (साचलेले संदेश मध्येच हाताळायला लावणारी हाक) टाकलं, तर एकाच गाडीच्या दोन पावत्या निघायला लागल्या. आणि शेवटी विचारलंय, की हे सोडून क्यूटी (असंच दुसरं टूलकिट) किंवा पायथनकडे जावं का.

भाऊ, या सगळ्या तक्रारी एकाच जागेहून येतात. तुमच्या प्रोग्राममधले थ्रेड्स, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे धागे, एकमेकांच्या वस्तूंना थेट हात लावतायत आणि एकमेकांसाठी ताटकळतायत. मी बरीच वर्षं काट्यांवर आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या यंत्रांवर चालणारे असे प्रोग्राम लिहितोय, आणि दोन नियमांवर मी अडून बसतो. पहिला: प्रत्येक वस्तूचा मालक एकच थ्रेड. बाकीच्यांनी त्याच्याकडे निरोप ठेवावा आणि आपापल्या कामाला लागावं. दुसरा: यूआय थ्रेडने, म्हणजे पडदा आणि बटणं सांभाळणाऱ्या थ्रेडने, कुणाचीही वाट पाहायची नाही. पोर्टची नाही, डेटाबेसची नाही, प्रिंटरची नाही. हे दोन पाळले तर तुमचा प्रोग्राम आहे त्याच विंडोज फॉर्म्सवर उत्तम चालेल.

आठ कोअरचा प्रोसेसर असताना पडद्याचं सगळं काम एकाच थ्रेडने का करायचं, असा प्रश्न हमखास येतो. त्याचं कारण टूलकिटच्या रचनेतच आहे. माउसची क्लिक खालून वर येते: ऑपरेटिंग सिस्टिमकडून टूलकिटकडे, तिथून तुमच्या कोडकडे. तुमचा कोड लेबल बदलतो तेव्हा प्रवास उलटा, वरून खाली होतो. आता प्रत्येक थरावर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) ठेवून पाहा. एक थ्रेड खालचा लॉक धरून वरच्यासाठी थांबेल, दुसरा वरचा धरून खालच्यासाठी, आणि दोघेही तिथेच अडकतील. जावाचं एडब्ल्यूटी हे टूलकिट सुरुवातीला कुठल्याही थ्रेडवरून वापरता येईल अशा हेतूनेच बनवलं होतं. सन मायक्रोसिस्टिम्सचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये नेमकं हे उलटसुलट लॉकचं कारण मांडलं आणि अनेक थ्रेड्सचं टूलकिट हे फसलेलं स्वप्न आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. जीटीके या टूलकिटमध्ये एक जागतिक लॉक होता, तोही ३.६ या आवृत्तीपासून वापरू नका असं सांगितलं गेलं. स्विंग, क्यूटी, कोको, डब्ल्यूपीएफ, अशी सगळी टूलकिट्स शेवटी त्याच जागी आली: पडद्याला एकच थ्रेड, बाकीच्यांनी रांगेत निरोप टाकायचा.

आता ती तपासणी बंद करणारी ओळ. ती आजच काढा. डॉट नेट २.० पासून विंडोज फॉर्म्स दुसऱ्या थ्रेडचा हात पकडतं, पण डीफॉल्टने फक्त डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडलेला असेल तेव्हाच. म्हणजे तुमच्या टेबलावर एफ५ दाबून चालवलं तर एक्सेप्शन येतं, आणि काट्यावरच्या कॉम्प्युटरवर तोच कोड गुपचूप चालतो. तुमच्या ओळीने काट्यावर काहीच बदललं नाही. फक्त तुम्हाला मिळणारी सूचना बंद झाली. शिवाय आत काय चालतं तेही बघा. लेबलची खिडकी यूआय थ्रेडच्या मालकीची आहे. सिरियल पोर्टच्या थ्रेडवरून तिचा मजकूर बदलायला गेलात, की विंडोज यूआय थ्रेडला संदेश पाठवतं आणि तो हाताळून होईपर्यंत तुमचा थ्रेड तिथेच थांबवून ठेवतं. तुम्हाला वाटतं की आपण एका व्हेरिएबलमध्ये काहीतरी ठेवलं. प्रत्यक्षात एक थ्रेड दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला असतो.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे इन्व्होकरिक्वायर्ड (आपण यूआय थ्रेडच्या बाहेर आहोत का, ते सांगणारं) तपासा आणि मग इन्व्होक करा, म्हणजे ते काम यूआय थ्रेडकडून करवून घ्या. यात दोन खाचा आहेत. छोटी खाच अशी, की फॉर्मची खिडकी अजून तयारच झाली नसेल तर इन्व्होकरिक्वायर्ड ‘नाही’ असं उत्तर देतं. पोर्ट जर तुम्ही फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्येच (फॉर्म बनतानाच चालणाऱ्या कोडमध्ये) उघडला असेल, तर पहिलं वजन खिडकी बनण्याआधी येऊ शकतं आणि चुकीच्या थ्रेडवर सगळा खेळ होतो. म्हणून पोर्ट उघडणं फॉर्म दिसल्यानंतरच्या शोन इव्हेंटमध्ये ठेवा.

मोठी खाच तीच आहे, जिच्यामुळे तुमची खिडकी बंद होताना गोठते. इथे जरा सावकाश जाऊ. सिरियलपोर्टचा डेटारिसीव्ह्ड इव्हेंट यूआय थ्रेडवर येत नाही. तो थ्रेडपूलच्या, म्हणजे तयार ठेवलेल्या थ्रेड्सच्या साठ्यातल्या, एखाद्या थ्रेडवर येतो. त्याच्या हँडलरमधून (इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडमधून) इन्व्होक केलं, की तो थ्रेड यूआय थ्रेडने काम पूर्ण करेपर्यंत थांबतो. त्याच क्षणी काकांनी खिडकीचा क्रॉस दाबला. तुमच्या फॉर्मक्लोझिंगमध्ये पोर्टचं क्लोज आहे, आणि ते यूआय थ्रेडवर चालतं. क्लोजला आधी चालू असलेला हँडलर संपायला हवा असतो. हँडलर यूआय थ्रेडसाठी थांबलाय, यूआय थ्रेड हँडलरसाठी. दोघांपैकी कुणीच हलत नाही. ‘कधीकधी’ होतं याचं कारणही यातच आहे. क्रॉस दाबण्याच्या नेमक्या क्षणी एखादं वजन वाटेत असावं लागतं. काटा रिकामा असला तरी सतत पाठवण्याच्या मोडमध्ये इंडिकेटर शून्य पाठवतच राहतो, त्यामुळे रात्री दुकान बंद करतानाही हे घडू शकतं. आणि यूआय थ्रेडने पाच सेकंद संदेश उचलले नाहीत, की विंडोज त्या खिडकीच्या जागी तिची फिकट प्रत दाखवतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. मग काका टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारतात, आणि कॉम पोर्ट कधीकधी यूएसबी केबल काढून घातल्याशिवाय उघडत नाही.

इन्व्होकच्या जागी बिगिनइन्व्होक टाकलं तर हा डेडलॉक (एकमेकांसाठी थांबून झालेली कोंडी) सुटतो, कारण ते निरोप रांगेत ठेवून लगेच परत येतं. तुमच्याकडे आज एवढाच वेळ असेल तर एवढं तरी कराच. पण मी तिथे थांबणार नाही. रांगेत निरोप टाकणं फुकट आहे असं वाटायला लागलं, की पुढचा त्रास तिथूनच येतो.

थोडा हिशेब करू. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट), आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी मांडणी असेल तर एका अक्षराला स्टार्ट बिट धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. वजनाची एक ओळ १६ अक्षरांची धरली तर सेकंदाला ६० ओळी. नुसतं लेबल बदलायचं असेल तर यूआय थ्रेडला ६० काहीच नाहीत. पण तुम्ही त्याच हँडलरमध्ये लिस्टबॉक्समध्ये ओळ वाढवताय, रंग बदलताय आणि लॉग फाइलमध्ये लिहिताय. त्यात यूआय थ्रेडवरच डेटाबेसची नोंद चार सेकंद अडकली तर मागे २४० निरोप साचतात. आणि विंडोजच्या संदेशांना ठरलेला क्रम आहे. पोस्ट केलेले संदेश आधी उचलले जातात, माउस आणि कीबोर्डचे त्यानंतर, आणि खिडकी पुन्हा रंगवण्याचा व टायमरचा संदेश सगळ्यात शेवटी. म्हणून दुसऱ्या थ्रेडकडून निरोपांचा लोंढा सुरू असेल, तर तांत्रिकदृष्ट्या कुणीच अडकलेलं नसतं, तरी क्लिक मागे पडतात आणि पडदा रंगवलाच जात नाही. संदेश टाकण्याची विंडोजची पोस्टमेसेज ही हाक थेट वापरणाऱ्यांना आणखी एक मर्यादा आहे: एका थ्रेडच्या रांगेत डीफॉल्टने १०,००० संदेश मावतात, त्यापुढचे नाकारले जातात. ‘बटण उशिरा दबतं’ ही तक्रार जेव्हा जेव्हा येते, तेव्हा मी आधी हीच रांग तपासतो.

इथे एक फरक ओळखावा लागतो, आणि माझ्या मते थ्रेड्समधल्या संवादाचा निम्मा अभ्यास त्यातच आहे. काही निरोप स्थिती सांगतात, काही घटना सांगतात. काट्यावर आत्ता किती वजन आहे, ही स्थिती. अर्ध्या सेकंदापूर्वीचं वजन कुणालाच नको असतं, त्यामुळे मधले वीस आकडे गाळले तरी काही बिघडत नाही. ‘एमएच ४० च्या अमुक गाडीचं भरलेलं वजन नोंदवा’, ही घटना. ती एकदाच घडते, गाळता येत नाही, आणि दोनदा घडली तर कुणाच्या तरी पैशाचा प्रश्न होतो. तुम्ही दोन्हीसाठी एकच यंत्रणा वापरलीत. स्थितीला रांग लावली म्हणून रांग तुंबली, आणि घटनेला रांगच दिली नाही म्हणून ती दोनदा घडली.

स्थितीसाठी रांग नको, एक जागा पुरते. सिरियल पोर्टसाठी डेटारिसीव्ह्ड सोडून द्या आणि स्वतःचा एक थ्रेड ठेवा. पोर्ट तोच उघडेल, तोच वाचेल, तोच बंद करेल. रीडटाइमआउट ५०० मिलिसेकंद ठेवा. तेवढ्या वेळात काही आलं नाही तर टाइमआउटचं एक्सेप्शन पकडायचं, थांबायचं सांगितलंय का ते बघायचं आणि पुन्हा वाचायला लागायचं. हा थ्रेड आलेली अक्षरं जमवतो, ओळीचं शेवटचं चिन्ह आलं की वजन वेगळं काढतो. एका वाचनात पूर्ण ओळ येईल असं कधीही गृहीत धरू नका. अर्धी ओळ आत्ता आणि अर्धी पुढच्या वेळी येणं हे सिरियल पोर्टवर रोजचं आहे. तुम्ही पाठवलेल्या पडद्याच्या फोटोत १२,३४० च्या जागी मध्येच ३४० दिसतंय, ते बहुधा यामुळेच.

वजन स्थिर आहे की नाही, हेही याच थ्रेडने ठरवावं. अनेक जण हे काम यूआयच्या टायमरमध्ये करतात. टायमर मधले आकडे पाहतच नाही, त्यामुळे डुलणारी गाडी त्याला स्थिर वाटू शकते. सगळे आकडे ज्याच्या हातातून जातात, त्यानेच निवाडा द्यावा.

मग हा थ्रेड एक छोटा ऑब्जेक्ट बनवतो: वजन, स्थिर आहे का, वाचल्याची वेळ, आणि चढता क्रमांक. एकदा बनवला की त्यातलं काहीही बदलायचं नाही. नवं वजन आलं की नवा ऑब्जेक्ट, आणि एका व्होलाटाइल फील्डमध्ये (इतर थ्रेड्सना ताजंच मूल्य दिसेल अशा जागेत) त्याचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, ठेवायचा. यूआय थ्रेडवर १०० मिलिसेकंदांचा विंडोज फॉर्म्सचा टायमर लावा. तो ते फील्ड वाचतो, क्रमांक बदलला असेल तरच लेबल बदलतो. सेकंदाला दहा बदल माणसाच्या डोळ्याला भरपूर झाले. पोर्टवरून ६० ओळी येवोत की ६००, पडद्याचं काम तेवढंच राहतं. ऑब्जेक्टमधली वेळ दोन सेकंदांपेक्षा जुनी झाली तर वजनाऐवजी नुसत्या आडव्या रेषा दाखवा. इंडिकेटरची केबल निघालीय आणि पडद्यावर मागच्या गाडीचं वजन तसंच चमकतंय, हे काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून घेण्यासारखं नाही.

ऑब्जेक्ट कशाला, दोन साधी व्हेरिएबल्स का नकोत, असं वाटेल. तुम्ही वजनाला डेसिमल हा दशांश आकड्यांचा प्रकार वापरलाय. डेसिमल १२८ बिटांचा असतो आणि त्याचं लिहिणं एका फटक्यात होईल याची हमी सी शार्प देत नाही, ६४ बिटांच्या यंत्रावरसुद्धा. एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने वाचलं तर अर्धं जुनं आणि अर्धं नवं मिळू शकतं. ३२ बिटांवर डबल या ६४ बिटांच्या प्रकाराचंही तेच. आणि वजन व ‘स्थिर’ हा शेरा वेगवेगळे ठेवले, तर नव्या गाडीच्या डुलत्या वजनाला जुन्या गाडीचा ‘स्थिर’ शेरा चिकटू शकतो. रेफरन्स बदलणं मात्र नेहमी एका फटक्यात होतं. पूर्ण तयार झालेला, न बदलणारा ऑब्जेक्ट रेफरन्सने हवाली केला, की लॉकची गरजच राहत नाही.

आता घटना. काका ‘वजन घ्या’ दाबतात, तेव्हा बटणाच्या हँडलरने सगळ्यात आधी पडद्यावर या क्षणी दिसत असलेला तोच ऑब्जेक्ट हातात घ्यावा. डेटाबेसच्या थ्रेडला ‘सध्याचं वजन नोंदव’ असा निरोप देऊ नका. ‘हे वजन नोंदव’ असा द्या. फरक प्रत्यक्षात असा दिसतो. पडद्यावर १२,३४० किलो, काकांनी बटण दाबलं. डेटाबेस दोन सेकंद मागच्या नोंदीत गुंतलाय. तोवर ड्रायव्हरने पुढची चाकं काट्यावरून उतरवली. डेटाबेसच्या थ्रेडने तेव्हा वजन वाचलं तर ७,१०० लागेल, आणि पावतीवर तेच छापलं जाईल. आंबिया बहाराच्या दिवसांत कोंढाळीकडून कळमन्याच्या बाजाराला निघालेल्या संत्र्याच्या गाड्या रांगेत असतात, ड्रायव्हरला घाई असते. असं एकदा झालं की त्या काट्यावरचा लोकांचा भरवसा उडतो. जे माणसाने पाहिलं आणि ज्याला हो म्हटलं, तेच निरोपातून पुढे गेलं पाहिजे. या मुद्द्यावर मी कधीच तडजोड करत नाही.

डेटाबेससाठी एकच थ्रेड, त्याचं एकच कनेक्शन, आणि त्याच्या पुढ्यात ब्लॉकिंगकलेक्शनची रांग. यूआय थ्रेड नोंद रांगेत टाकतो, बटण बंद करतो आणि मोकळा होतो. रांगेला मर्यादा घाला, ५० पुरे. पण ॲड न वापरता ट्रायॲड वापरा, कारण मर्यादा भरलेली असताना ॲड थांबून राहतं, म्हणजे यूआय थ्रेड पुन्हा ताटकळला. ट्रायॲडने ‘नाही’ म्हटलं तर पडद्यावर ठळक लिहा की नोंदी साचल्यात, डेटाबेस बघा. नोंद खरोखर जतन झाल्यावर डेटाबेसचा थ्रेड बिगिनइन्व्होकने यूआयला पावती क्रमांक कळवेल, आणि तेव्हाच बटण पुन्हा सुरू होईल, तेव्हाच छपाईचा निरोप जाईल. पावती क्रमांक यूआयने ठरवू नये. तो डेटाबेसने द्यावा. शिवाय प्रत्येक नोंदीला बटण दाबतानाच एक युनिक ओळख द्या आणि टेबलवर तिचा युनिक इंडेक्स ठेवा. मग कुठल्याही वाटेने तीच नोंद दुसऱ्यांदा आली तरी डेटाबेसच ती नाकारेल. प्रिंटरसाठीही वेगळा थ्रेड ठेवा. कागद संपलेला प्रिंटर बराच वेळ अडवून ठेवू शकतो.

दोन पावत्यांचं कारण आता उघड आहे. डूइव्हेंट्स रांगेतले साचलेले सगळे संदेश तिथल्या तिथे हाताळतं, आणि त्यात काकांची दुसरी क्लिकही असते. पहिली क्लिक अजून अर्ध्यात आहे, तिच्याच पोटात दुसरी सुरू होते, दोन्ही आपापली नोंद टाकतात. डूइव्हेंट्स असलेली प्रत्येक ओळ शोधा आणि ते काम यूआय थ्रेडवर का चाललंय, हा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की ती ओळ काढता येते.

खिडकी बंद करणं हाही निरोपांचाच व्यवहार आहे. फॉर्मक्लोझिंगमध्ये पहिल्या वेळी बंद होणं रद्द करा, ‘बंद होत आहे’ असं दाखवा, टायमर थांबवा, कॅन्सलेशनटोकनने वाचणाऱ्या थ्रेडला थांबायला सांगा आणि डेटाबेसची रांग कम्प्लीटॲडिंगने बंद करा. प्रत्येक थ्रेड आपलं संपवून ‘झालं’ असा निरोप यूआयला टाकेल. सगळ्यांचे आले की क्लोज पुन्हा बोलवा, या वेळी रद्द न करता. कुठेही जॉइन (दुसरा थ्रेड संपेपर्यंत थांबणारी हाक) लावून यूआय थ्रेडला उभं करायचं नाही. वाचणारा थ्रेड बॅकग्राउंड ठेवला तर चालतं, प्रोग्राम संपला की तो मेला तरी काही हरवत नाही. डेटाबेसचा मात्र बॅकग्राउंड ठेवू नका, नाहीतर रांगेतल्या शेवटच्या नोंदी त्याच्याबरोबर जातील. आणि थ्रेड जबरदस्तीने मारण्याचा विचारही नको. थ्रेड ॲबॉर्ट आधुनिक डॉट नेटमध्ये चालतच नाही, जावाने आपलं थ्रेड स्टॉप १९९८ पासूनच वापरू नका म्हणून सांगितलंय. मध्येच मेलेला थ्रेड कुठले लॉक धरून आणि कुठला डेटा अर्धवट सोडून गेला, हे कुणालाच कळत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. डॉट नेट २.० पासून यूआय सोडून बाकी कुठल्याही थ्रेडवर न पकडलेलं एक्सेप्शन अख्खा प्रोग्राम बंद करतं. यूएसबी-सिरियलची केबल कुणाच्या पायाला लागून निघाली, की वाचणाऱ्या थ्रेडवर एक्सेप्शन येतं. त्या थ्रेडच्या लूपला बाहेरून ट्राय-कॅच हवं. पकडलेलं एक्सेप्शन गिळू नका. ‘पोर्ट तुटला’ ही स्थिती त्याच फील्डमधून यूआयला दाखवा आणि दर दोन सेकंदांनी पोर्ट पुन्हा उघडायचा प्रयत्न करा.

एसिंक-अवेट (थ्रेड न अडवता काम संपल्यावर पुढे चालण्याची सोय) हे २०१२ पासून सी शार्पमध्ये आहे, आणि एकेकट्या कामांसाठी, उदाहरणार्थ महिन्याचा अहवाल काढायला, मी तेच वापरतो. अवेटनंतरचा कोड आपोआप यूआय थ्रेडवर परत येतो. फक्त टास्कवर (अशा सुरू असलेल्या कामावर) रिझल्ट किंवा वेट कधीही यूआय थ्रेडवरून लावू नका. टास्कला परत यायला यूआय थ्रेड हवा आणि यूआय थ्रेड टास्कसाठी थांबलेला, असा तोच वर सांगितलेला डेडलॉक नव्या कपड्यांत भेटतो. आणि अवेट चालू असताना बटण जिवंत असतं, म्हणून आधी ते बंद करा. सतत चालणाऱ्या पोर्टसाठी मात्र मला स्वतंत्र थ्रेडच बरा वाटतो. डीबग करताना तो नावानिशी समोर दिसतो.

क्यूटी किंवा पायथनकडे जायचं का? या कारणासाठी नाही. क्यूटीमध्ये दोन थ्रेड्समधला सिग्नल आपोआप रांगेतून जातो, ही खरी सोय आहे, आणि तिथे चित्र बनवायचं झालं तर दुसऱ्या थ्रेडवर क्यूइमेज चालते, क्यूपिक्समॅपचं काम मात्र मुख्य थ्रेडवर ठेवावं लागतं. पण तिथेही ब्लॉकिंग क्यूड कनेक्शन आहे आणि त्याने हाच डेडलॉक तसाच होतो. पायथनच्या टीकिंटर या टूलकिटमध्ये क्यू आणि आफ्टर वापरून तुम्ही हाताने तेच बांधाल. मालकी आणि वाट न पाहणं सगळीकडे तेच आहे. तुम्हाला सी शार्प येतं, काकांना हा पडदा सवयीचा आहे, तर इथेच नीट करा.

नवी मांडणी झाली की काट्यावर न्यायच्या आधी घरी छळून घ्या. कॉमझीरोकॉम नावाचं फुकट साधन विंडोजवर दोन खोटे सिरियल पोर्ट एकमेकांना जोडून देतं. एका टोकावर छोटा प्रोग्राम सतत वजन पाठवत राहील, दुसऱ्यावर तुमचा. मुद्दाम ओळी अर्ध्या तोडून पाठवा. डेटाबेसच्या थ्रेडमध्ये तीन सेकंदांची स्लीप घाला आणि बटणावर भराभर क्लिक करा. खिडकी सरकवता आली पाहिजे, वजन हलत राहिलं पाहिजे आणि नोंद एकच पडली पाहिजे. वजन येत असताना खिडकी पन्नासदा उघड-बंद करा. खऱ्या केबलवर एकदा तरी ती ओढून काढा.

प्रत्येक थ्रेड सुरू करताना त्याला नाव द्या: काटा-वाचन, डेटाबेस, छपाई. काट्यावर कधी गोठलंच, तर काकांना प्रोग्राम मारू न देता आधी टास्क मॅनेजरमध्ये त्यावर उजवी क्लिक करून डंप फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) बनवायला सांगा आणि ती मागवून घ्या. व्हिज्युअल स्टुडिओत ती उघडा, पॅरलल स्टॅक्सची खिडकी काढा आणि यूआय थ्रेडच्या स्टॅकचं (चालू हाकांच्या यादीचं) टोक पाहा. तिथे संदेशाची वाट पाहणारा नेहमीचा लूप सोडून दुसरी कुठलीही थांबण्याची हाक दिसली, तर ती कुणी लावली आणि ती कुणासाठी थांबलीय, हे खालच्या ओळींमध्ये लिहिलेलं सापडेल. तो स्टॅक मला पाठवलात तर मीही बघेन.